ट्रेनिंगच्या प्रमाणपत्राविषयी

भोसरी, पुणे

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की सुट्टीतल्या चार आठवड्यांच्या इनप्लांट ट्रेनिंगचे प्रमाणपत्र माझ्या ओळखीच्या एखाद्या वर्कशॉपमधून नुसतेच मिळवून द्यावे, म्हणजे तेवढ्या दिवसांत गेट परीक्षेचा अभ्यास होईल. तेव्हा मी गप्प राहिलो, कारण रागाने बोललो असतो. तसे प्रमाणपत्र मी आणून देणार नाही; खऱ्या ट्रेनिंगसाठी मात्र दोन ठिकाणी शब्द टाकला आहे.

मी लेथ मशीनवर नवा होतो तेव्हाची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण ती मिरवण्यासारखी नव्हती. रात्रपाळीत ५० मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट, म्हणजे पोलादी दांडे, टर्न करायचे होते आणि ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, जेमतेम ०.०२ मिलिमीटरचा होता. काम गार ठेवणाऱ्या कूलंटचा पंप बंद पडला, तरी मी काम थांबवले नाही. प्रत्येक शाफ्ट चकच्या पकडीतून काढण्याआधी मायक्रोमीटर लावत होतो आणि प्रत्येक वेळी माप बरोबर येत होते. सकाळी तपासणीत तेच शाफ्ट बारीक भरले. जाड राहिले असते तर आणखी एक कट मारता आला असता, बारीक झालेल्याला उपाय नसतो. रात्रभराचे काम भंगारात गेले.

औष्णिक प्रसरणाचे सूत्र तू बारावीतच पाठ केले होतेस. पोलादाचा गुणांक दर अंशाला दशलक्षात साधारण ११ ते १२, म्हणजे ४० अंशांनी तापलेला तो शाफ्ट जवळजवळ ०.०२३ मिलिमीटरने फुगलेला होता, आणि मी ते फुगलेले माप खरे धरत होतो. मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान का धरतात, ते मला त्या सकाळी कळले. (तुझ्या जर्नलमधली आणि तुझ्या मैत्रिणीच्या जर्नलमधली रीडिंग्ज शेवटच्या अंकापर्यंत सारखी आहेत, हे मी मागच्या खेपेस पाहिले आहे.)

तेव्हा हॉस्टेलवर न थांबता घरी ये. पहिली पाळी सातला लागते. ओढणी नको, केस घट्ट बांध, चालू लेथवर हातमोजे घालू नकोस आणि चकची चावी क्षणभरही चकमध्ये ठेवू नकोस. गेटचा अभ्यास संध्याकाळी कर. त्या वेळात घरात टीव्ही लागणार नाही, हे मी बघतो.

सेफ्टी शूज उद्या आणीन म्हणतो. तुझा नंबर पाचच आहे ना, तेवढे कळव.

तुझे,
बाबा