पात्राचे नाव बाळाला ठेवताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कथा-कादंबऱ्या, चित्रपट आणि मालिकांतल्या पात्रांवरून बाळांची नावे सुचवणारी यादी आपल्या पुरवणीत आली आहे. नावे छान आहेत, पण त्यांच्यापुढे छापलेले अर्थ तपासायला हवे होते. व्हेनेसा म्हणजे फुलपाखरू, वेंडी म्हणजे मैत्रीण, एल्सा म्हणजे हिमराणी, असे एका शब्दात उरकले आहे. यातला एकही अर्थ मूळ शब्दाचा नाही.

व्हेनेसाचेच पाहा. जोनाथन स्विफ्टने हे नाव चक्क जुळवले. एस्थर व्हॅनहॉमरी ही त्याची स्नेही. तिच्या आडनावातला ‘व्हॅन’ उचलला, एस्थरचे लाडके रूप ‘एसा’ त्याला जोडले आणि तिच्यावर कविता लिहिली. ती १७२६ मध्ये छापली गेली. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या एका प्रजातीला हे नाव दिले ते १८०७ मध्ये. म्हणजे नाव आधीचे, फुलपाखरू मागून आलेले. अशा जुळवलेल्या नावाला अर्थ नसतो, जन्मकथा असते, आणि यादीत तीच द्यायला हवी.

वेंडीची जन्मकथा गोड आहे. हेन्ली नावाच्या कवीच्या चिमुकल्या मुलीला ‘र’ म्हणता येत नसे. ‘फ्रेंडी’ म्हणायला जाऊन ती नाटककार बॅरीला ‘फ्वेंडी’ म्हणे. त्यातून १९०४ च्या ‘पीटर पॅन’ नाटकात वेंडी आली. मात्र बॅरीने हे नाव शून्यातून घडवले, असे जे सर्रास सांगितले जाते ते खरे नाही. त्याआधीही ते तुरळक आढळते. एल्सा तर एलिझाबेथचे आखूड रूप. त्या नावाचे मूळ हिब्रू असून त्यात देव आणि शपथ आहे. बर्फ आले ते २०१३ च्या ‘फ्रोझन’ चित्रपटातून.

काही नावे निव्वळ चुकीतून जन्मलेली आहेत, आणि मला तीच सर्वांत आवडतात. शेक्सपिअरच्या ‘सिम्बेलिन’ची नायिका १६२३ च्या छापील संग्रहात ‘इमोजेन’ आहे. पण १६११ मध्ये हे नाटक पाहिलेल्या एका प्रेक्षकाने आपल्या टिपणात ‘इनोजेन’ लिहिले आहे. रोमन लिपीत या नावात दोन ‘एन’ येतात, ते लागोपाठ हाताने लिहून पाहा. तीन-चार उभ्या दांड्या एकमेकींना चिकटतात आणि त्यांचा ‘एम’ दिसू लागतो. छापखान्यात खिळे जुळवणारा तिथेच फसला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. इनोजेनचा संबंध ‘मुलगी’ या अर्थाच्या केल्टिक शब्दाशी लावतात. सेड्रिकचेही तसेच. वॉल्टर स्कॉटने १८१९ च्या ‘आयव्हॅनहो’त हे नाव वापरले. सॅक्सन राजा सर्डिक याच्या नावातला ‘र’ जागचा हलून ते झाले असावे. याला व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात. अशा नावापुढे ‘शूर सरदार’ वगैरे छापणे म्हणजे चुकीवर मुलामा देणे.

ज्यांच्या मुळात खरोखर शब्द आहे, त्यांचा अर्थ बेलाशक द्यावा. मिरांडा हे लॅटिन, अर्थ ‘जिचे नवल वाटावे अशी’. फिओना गेलिक ‘फिओन’वरून, म्हणजे गोरी, शुभ्र. रशियन स्वेतलाना प्रकाशवाचक शब्दावरून. झुकोव्स्कीच्या १८१३ च्या कवितेने ते घरोघरी नेले, पण चर्चच्या संतांच्या यादीत ते नव्हते. मग बाप्तिस्म्याला ‘फोटिनिया’ हे ग्रीक नाव द्यायचे. अर्थ तोच, नाव दुसरे.

यादीत ‘कादंबरी’ नाही, याचे नवल वाटले. बाणभट्टाने सातव्या शतकात आपल्या गंधर्वकन्या नायिकेला दिलेले हे नाव. कोशात त्याचे अर्थ कदंबापासून केलेले मद्य, कोकिळा आणि सरस्वती असे मिळतात. बाणभट्टामागे ग्रंथ पुरा करणाऱ्या त्याच्या मुलाने मद्याच्या अर्थावर श्लेषही साधला आहे: कादंबरीच्या रसाने लोक असे धुंद झालेत की कुणाला कशाचे भान नाही. पुढे मराठीत हे नायिकेचे नाव साऱ्या साहित्यप्रकारालाच चिकटले. हे सगळे ठाऊक असूनही नाव आवडले तर जरूर ठेवावे. शाळेत कुणी चिडवले, तर मुलीला सांगायला निदान बाणभट्ट तरी असेल.

‘खलीसी’ हे मात्र यादीतून काढायला हवे होते. ते नाव नाही, पदवी आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या दोथ्राकी भाषेत टोळीप्रमुख ‘खल’ आणि त्याची बायको ती खलीसी. पात्राचे नाव डेनेरिस. शिवाय मालिकेसाठी ती भाषा बांधणाऱ्या तज्ज्ञाच्या मते उच्चार ‘खालेसी’च्या जवळ जातो. आणखी एक गोम आहे. मालिका २०११ ते २०१९ चालली. मधल्या वर्षांत अमेरिकेत शेकडो मुलींना हे नाव दिले गेले आणि शेवटी त्या नायिकेने शरण आलेले शहर जाळून टाकले. गोष्ट संपेपर्यंत थांबावे, हे बरे. संपलेली गोष्टही शेवटपर्यंत वाचावी. ऑफिलियाचा ग्रीक अर्थ ‘साहाय्य’, पण ‘हॅम्लेट’मध्ये ती बुडून मरते. अर्थ पाहणाऱ्याने हेही पाहिलेले असावे.

त्याच मालिकेतली ‘आर्या’ यादीत ‘संस्कृत, श्रेष्ठ’ अशी दिली आहे. आपली आर्या संस्कृत खरी, मोरोपंतांमुळे वृत्त म्हणूनही ओळखीची. मालिकेतल्या मुलीचे नाव मात्र लेखकाच्या कल्पित देशातले, आपल्या आर्येशी त्याची नुसती ध्वनीची गाठ पडली आहे. इथे रोमन लिपीचाही घोळ होतो. ‘ए-आर-वाय-ए’ ही अक्षरे आर्य आणि आर्या दोघांनाही लागू पडतात. मुलगी असेल तर शेवटी आणखी एक ‘ए’ जोडावा आणि जन्मनोंदणीपासून पुढच्या प्रत्येक कागदावर तेच ठेवावे. मागाहून जोडलेला ‘ए’ प्रत्येक ठिकाणी खुलासा मागतो.

पात्राचे नाव छापील पानावरूनच ओळखीचे झाले असेल, तर ते अनोळखी माणसाला लिहून दाखवावे आणि मोठ्याने वाचायला सांगावे. ‘हॅरी पॉटर’मधले ‘हर्मायनी’ हे नाव इतके वाचक चुकीचे वाचत की लेखिकेने २००० मधल्या चौथ्या पुस्तकात एका पात्राला त्याचा उच्चार शिकवण्याचा प्रसंगच घातला. देवनागरीत ही अडचण येत नाही, रोमनमध्ये ती जन्मभर पुरते.

पुढच्या यादीत प्रत्येक नावापुढे मूळ शब्द, कर्ता आणि साल द्यावे. शब्द जुळवलेला असेल तर अर्थाच्या रकान्यात ‘जुळवलेले’ एवढेच छापावे.

आपला,
एक कोशप्रेमी वाचक