एअरबॅग बदलायची, पण कधी?

महोदय,

गाडीची एअरबॅग सदोष आहे, बदलून घ्या, असं कंपनीचं पत्र आलं. शोरूमला फोन केला. ‘पार्ट आला नाही, कळवतो,’ हे उत्तर तीनदा ऐकलं. शेवटी स्वतः जाऊन चासी नंबर काउंटरवर ठेवला, तेव्हा कुठे तारीख मिळाली. काम जेमतेम दीड तासाचं. पैसे घेतले नाहीत (घ्यायचे नसतातच), तरी बिलात व्हील अलाइनमेंट घुसवून पाहिलंच!

हा दोष किरकोळ नाही. टकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या प्रकरणात जगाने पाहिलं : इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट हे रसायन उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षे खराब होतं. मग अपघातात इन्फ्लेटरच फुटतो आणि धातूचे तुकडे चालकाच्या गळ्या-छातीत घुसतात. ती कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. जुन्या गाड्या मात्र अजून धावताहेत. सेकंडहँड गाडीवाल्याला तर बऱ्याचदा पत्रच मिळत नाही, ते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. गाडी ऑइल बदलायला आली तरी चासी नंबर टाकून रिकॉल (सदोष भाग बदलण्यासाठी कंपनीचं बोलावणं) बाकी आहे का, एवढं सर्व्हिस सेंटरने पाहायला काय हरकत आहे?

– एक वाचक