सही करण्याआधी

चि. मानसी,
अनेक आशीर्वाद.

काल तू चिडून फोन ठेवलास. "बाबा, तुझी रेल्वे यार्डातली गाडी आणि आमचं सॉफ्टवेअर एक नाही." नसेलही. 'आत्ता साइन-ऑफ दे, म्हणजे सही करून मोकळी हो, राहिलेलं टेस्टिंग नंतर बघू' म्हणणारी माणसं मात्र दोन्हीकडे सारखीच असतात. असो. तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

तू टेस्ट मॅनेजर झालीस म्हणून आईने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. सुलूमावशीने विचारलं, टेस्ट मॅनेजर म्हणजे नेमकं काय, तेव्हा मी तिला अर्धा तास सांगत बसलो. मला सांगता आलं, कारण सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या फाउंडेशन परीक्षेच्या वेळी दादा नाइट करून झोपलेला असायचा, तू स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायचीस आणि मी सिलॅबसच्या प्रिंटवरून तुला प्रश्न विचारायचो. 40 प्रश्न, 60 मिनिटं, 26 बरोबर आले की पास. सातही तत्त्वं तू घडाघडा म्हणायचीस. टेस्टिंगने दोष आहेत हे दाखवता येतं, दोष उरलेच नाहीत हे सिद्ध करता येत नाही. सगळं काही तपासणं अशक्य. मग सही कशावर करायची, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "काय तपासलं, काय राहिलं आणि त्यात धोका किती, हे स्वच्छ सांगायचं. सॉफ्टवेअर वापरात सोडायचं की नाही, ते बिझनेसवाले ठरवतील." पोरगी तिथेच पास झाली असं मला वाटलं होतं.

तेच आज तुला सांगतोय. राहिलेलं लेखी दे. तुमच्या बँकेच्या कर्जाच्या सॉफ्टवेअरमध्ये हप्त्याची कोणती गणितं तपासून झाली, मुदतीआधी कर्ज फेडणाऱ्यांची कोणती राहिली, ती चुकली तर किती खातेदारांना झळ बसेल, सगळं. चूक होण्याची शक्यता किती आणि झालीच तर नुकसान किती, दोन्ही बघून क्रम लाव. वेळ कमी पडला तर खालचं राहू दे, वरचं नको.

थेरॅक-25 या कॅन्सरवर रेडिएशन देणाऱ्या मशीनची हकिगत तूच मला सांगितली होतीस. 1985 ते 1987 या काळात त्या मशीनने सहा रुग्णांना भलतंच जास्त रेडिएशन दिलं, काहींचा जीव गेला. आधीच्या मॉडेलमधले हार्डवेअरचे अटकाव काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. कंपनीला तो बिघाड पुन्हा घडवून बघता येईना. शेवटी टेक्सासमधल्या हॉस्पिटलच्या फिजिसिस्टने आणि ऑपरेटरने मशीनपाशी बसून तो शोधला. सरावलेला हात टाइप केलेल्यात भरभर दुरुस्ती करायचा, तेव्हाच ते बिघडायचं. हळू टाइप करणाऱ्याला ते कधी दिसलंच नसतं. म्हणून म्हणतो, एक अख्खा दिवस बँकेच्या शाखेत क्लार्कच्या शेजारी जाऊन बस. तिथे जे दिसेल ते तुमच्या टेस्ट केसमध्ये सापडणार नाही.

आणि तो तुझ्या टीममधला सोलापूरचा मुलगा, बग सापडल्याची नोंद केली की डेव्हलपर ज्याच्यावर ओरडतात. त्याच्या पाठीशी उभी राहा. तो गप्प बसायला लागला तर तुला काहीच कळणार नाही, आणि सही तर तुझीच असेल.

पुन्हा भाषण सुरू झालं. माफ कर. यातलं बहुतेक तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तू पाचवीत होतीस तेव्हाची गोष्ट. एका रात्री गाडी सुटायची वेळ टळत चालली होती, फोनवर फोन येत होते आणि एका डब्याचे ब्रेक लागले की सुटत नव्हते. गाडीचे ब्रेक ठीक आहेत असं सांगणाऱ्या ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर मी सही केली नाही. डबा काढला, गाडी उशिरा गेली, माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, नोकरी जाईल रे. मला भीती वाटलीच होती. नोकरी टिकली, पण पुढे कितीतरी दिवस नीट झोप नव्हती. तुझ्या वाट्याला ते येऊ नये असंही वाटतं, आणि वेळ आलीच तर तू सही अडवून धरावीस असंही वाटतं. या दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही.

मालाडच्या खोलीचं डिपॉझिट शनिवारी पाठवतो. रिलीज शुक्रवारी रात्री आहे ना? मग राहिलेल्याची यादी गुरुवारी दुपारीच सगळ्यांना मेल कर. शुक्रवारी रात्री ती कुणी वाचणार नाही.

तुझा,
बाबा