प्रार्थनेत ऑफिस आलं तर येऊ दे

गुरुवार पेठ, पुणे

प्रिय बाळास,
प्रभूमध्ये सलाम आणि आशीर्वाद.

रविवारी उपासनेनंतर जेवताना तू जे बोललास, ते पाहुण्यांसमोर वाढवायला नको म्हणून मी गप्प बसले. फोनवर बोलावं तर तुझं ‘हो आई, हो आई’ चालू असतं आणि मागून दुसरा कॉल येत असतो. कागद बरा. वाकडला तुझ्या टेबलावर पडून राहील, सवड होईल तेव्हा वाच.

तू दोन गोष्टी म्हणालास. प्रार्थनेला बसून डोळे मिटले की सॉफ्टवेअरच्या रिलीजची तारीख, रात्री-अपरात्री वाजणारा सपोर्टचा फोन आणि फ्लॅटचा हप्ता एवढंच समोर येतं. आणि तुमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये कुणीतरी तुला सांगितलं की, ज्याचा विश्वास भक्कम असतो त्याला टेन्शन येत नाही. या दुसऱ्या गोष्टीचा मला रागच आला आहे. आधी तिच्याबद्दल बोलते.

‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं, आणि तेही बंदिवासातून. पण करिंथकरांस लिहिलेलं दुसरं पत्र काढून अकरावा अध्याय वाच. फटके, दगडमार, फुटलेली तारवं, उपाशी काढलेल्या रात्री, हे सगळं सांगून झाल्यावर तोच पौल म्हणतो की याशिवाय सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर आहेच. त्याच पत्राच्या सुरुवातीला तो असंही सांगतो की आशिया प्रांतात आमच्यावर इतका भार आला की आम्ही जगण्याची आशा सोडली होती. मग पौलाचा विश्वास कमी होता का? आणि पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः किती व्याकूळ झाला! लूकने लिहिलं आहे की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. दुःखाचा तो प्याला दूर व्हावा म्हणून त्याने एकदा नाही, तीनदा विनवलं; आणि तीन शिष्यांना जवळ घेऊन ‘जागे राहा’ म्हणून सांगितलं. ज्या रात्री देवाच्या पुत्राला सोबत हवीशी वाटली, ती रात्र आपल्या शास्त्रात असताना कुणीही माझ्या मुलाला म्हणू नये की तुला ताण येतो म्हणजे तुझ्यात काही उणं आहे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत गाऱ्हाणी कितीतरी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, तरीही ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात ठेवलं आहे.

आता तुझी पहिली गोष्ट. डोळे मिटल्यावर ऑफिस येतं, तर येऊ दे. त्याला हाकलून देऊन मग प्रार्थना सुरू करायची, असं तुला कोणी सांगितलं? जे येतंय तेच तर मागायचं आहे.

तुला आठवत असेल, मी ड्युटीवरून उशिरा आले की ‘ओव्हर द्यायला वेळ लागला’ म्हणायचे. पाळी संपताना वॉर्ड पुढच्या सिस्टरच्या ताब्यात द्यायचा, तो एकेका खाटेपाशी उभं राहून. चार नंबरचे आजोबा, लघवी कमी झाली आहे, दुसरी सलाईन चालू आहे, दहाचं इंजेक्शन बाकी. सात नंबरची मुलगी, ताप उतरला, पण रडते आहे, आईला बाहेरून बोलवावं लागेल. ‘वॉर्ड ठीक आहे’ एवढं सांगून कुणीही निघून जाऊ शकत नाही आणि घेणारी सिस्टर ते ऐकूनही घेत नाही. एकदा सगळं सांगून झालं की मात्र तो वॉर्ड त्या रात्रीपुरता तुमचा राहत नाही. चार नंबरच्या आजोबांचं इंजेक्शन आता तिने द्यायचं. बसमध्ये बसल्यावर त्यांची आठवण यायची, तेव्हा मी मनात म्हणायचे, ते तिच्या हातात आहेत.

‘त्याच्यावर आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो,’ हे पेत्राचं वचन तू संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतंस. मला ते त्या ओव्हरमधून कळलं. तुझ्या प्रार्थना मी ऐकल्या आहेत, बाळा. ‘प्रभू, सगळं नीट कर, शांती दे, आमेन.’ इतकी मोघम प्रार्थना केली की सगळं तुझ्याकडेच राहतं. त्यापेक्षा सांग, ‘प्रभू, शुक्रवारचा रिलीज आहे, त्यातला एक भाग मला नीट कळलेला नाही आणि ते कबूल करायची मला भीती वाटते. मॅनेजर सगळ्यांसमोर बोलले ते मनातून जात नाही. हप्ता पाच तारखेला आहे.’ एक-एक करून सांग. लिहून काढलंस तरी चालेल, वहीच्या पानावर. आणि रात्री दोन वाजता तेच पुन्हा डोक्यात आलं, तर नव्याने विचार करत बसू नकोस, फक्त एवढं म्हण की हे मी तुझ्या हवाली केलं आहे. शंभरदा आलं तर शंभरदा म्हण. त्यात प्रभूला कंटाळा येत नाही.

भूमकर चौकात गाडी अडकते तेव्हा लांब प्रार्थना होत नाही, हे मला कळतं. तिथे बार्तीमयाची प्रार्थना पुरे. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला तो आंधळा, गर्दी गप्प बस म्हणत असताना ओरडला, ‘येशू, माझ्यावर दया करा.’ श्वास घेताना ‘प्रभू येशू’, आणि सोडताना अगदी सावकाश ‘माझ्यावर दया कर’. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागू दे. लांब श्वास सोडला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे मी नर्स म्हणून सांगते. शरीरही त्यानेच घडवलं आहे, तेव्हा प्रार्थनेत शरीराची मदत घेण्यात कसला संकोच?

शरीरावरून एलीया संदेष्टा आठवला. तू लहान असताना तुला त्याची कर्मेल डोंगराची गोष्ट आवडायची, आकाशातून पडलेला अग्नी वगैरे. मला त्याच्या पुढचा अध्याय जास्त जवळचा आहे, पहिले राजे एकोणीस. एवढा मोठा विजय झाला आणि ईजबेल राणीची धमकी येताच हा माणूस रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला काय केलं ते नीट बघ. रागावला नाही. विश्वासावर प्रवचन दिलं नाही. एलीया झोपला तर त्याला झोपू दिलं. मग दूताने हलकेच उठवलं, ‘ऊठ, खा’. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. तो जेवला आणि पुन्हा झोपला, तर पुन्हा झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवलं तेव्हाही आधी खाणं, कारण पुढचा पल्ला लांबचा होता. देव त्याच्याशी डोंगरावर बोलला तो त्यानंतर, आणि तोही मंद वाणीने. तू मात्र रात्री दीडला बिस्किटं खाऊन लॅपटॉपपुढे बसतोस आणि सकाळी प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून स्वतःला दोष देतोस. आधी जेव आणि झोप. भाकरी मी पाठवते, रविवारी डबा न्यायचा.

आणि मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, काय सांगितलं ते निर्गमच्या अठराव्या अध्यायात आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसलेल्या मोशेला तो म्हणाला, हे काम तुला एकट्याला व्हायचं नाही, तू झिजून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. देवाशी समोरासमोर बोलणाऱ्या मोशेने ते ऐकलं. महिनाभर रात्रीचा सपोर्ट तुझ्या एकट्याच्याच वाट्याला का येतो, हे मॅनेजरला विचार. पाळ्या लावायला सांग. आधी प्रार्थना कर आणि मग जाऊन बोल. प्रार्थना केली म्हणून बोलणं चुकत नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंचं आयुष्यही डोळ्यांसमोर ठेव. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, 1882 मध्ये नवरा. 1890 मध्ये त्यांनी विधवा-मुलींसाठीचं शारदा सदन पुण्यात आणलं, तेव्हा या शहराने त्यांना कमी बोल लावले नाहीत. पुढे केडगावला मुक्ती मिशन, शेकडो मुली-बायकांचं अन्नपाणी, शिवाय मूळ भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मनोरमाही गेली. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या आणि त्यांचं संपूर्ण बायबल छापून आलं ते 1924 मध्ये. विश्वासाने त्यांची दुःखं टळली नाहीत. दुःखं असताना त्या दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागत राहिल्या, आणि केडगावात त्यांनी एकटीने नव्हे, सगळ्यांना घेऊन प्रार्थना केली. म्हणून ग्रुपमध्ये जायचं सोडू नकोस. तिथे तो एकजण चुकीचं बोलला, तर पुढच्या वेळी गेथशेमानेचा पाठ तू वाचून दाखव.

आणखी एक, आणि हे मी आई म्हणून आणि नर्स म्हणून दोन्ही नात्यांनी सांगते. दोन आठवडे झोप लागली नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडतं, किंवा जगणं नकोसं वाटतं असं कधीही झालं, तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरकडे जायचं. मनाच्या डॉक्टरकडे जायचीही लाज नाही. पौल ज्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो तो लूक त्याच्या सोबत असायचा. सरकारची टेलिमानस नावाची मोफत सेवा आहे, नंबर 14416, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेव. आणि त्याआधी मला उठव, कितीही वाजलेले असू देत.

पप्पा रोज सकाळी पंचहौदच्या देवळावरून फिरायला जातात, तेव्हा तुझं नाव घेतात, मला माहीत आहे. त्यांना आणि मला या आठवड्यात कशासाठी प्रार्थना करायची ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, बुधवारपर्यंत. ‘कामासाठी’ असं लिहू नकोस. कुठलं काम, कुठला दिवस, कुणाशी बोलायचं आहे, ते सगळं लिही.

तुझी,
आई