एप्रनखालचं पिस्तूल

प्लेनो, टेक्सस
रविवार

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या पलीकडच्या चौकातल्या फार्मसीवर भरदुपारी बंदूक रोखून दरोडा पडला आणि आता एप्रनखाली पिस्तूल लावून तुमच्या फार्मसीत कामावर जावं का, असं तू विचारतोस. माझं मत आधीच सांगून टाकतो: लावू नकोस. पण नुसतं मत ऐकून मान डोलावणारा तू नाहीस, आणि या बाबतीत तर डोलावूही नयेस. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

कायद्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्या लोकांचा घोळ तिथेच होतो. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि बंदूक बाळगायला कायद्याने मनाई नसलेल्या कोणालाही परवान्याशिवाय हँडगन लपवून बाळगता येते. यातलं ‘मनाई नसलेल्या’ नीट वाच. फेडरल कायद्याप्रमाणे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, साधं काडतूसही जवळ ठेवता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत, बस. राज्याने कितीही सूट दिली तरी हा नियम हटत नाही, आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं झाली आहे. तुझं ग्रीन कार्ड आलं आहे, त्यामुळे ही मनाई तुला लागू नाही. पण तुमच्याकडची ती इंटर्न एफ-१ वर आहे ना? पिस्तूल काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये असेल आणि ड्रॉवरची किल्ली तिच्याही हाताशी असेल, तर ताबा कोणाचा, हा प्रश्न सरकारी वकील विचारू शकतो. तिची व्हिसाची स्थिती माहीत असताना तू ते तिच्या हातात दिलंस, तर गुन्हा तुझाही होतो.

आणि ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. बंदुकीच्या कायद्याखाली दोषी ठरलास तर गुन्हा किरकोळ असला तरी तो तुला देशाबाहेर काढण्याचं कारण ठरू शकतो. इथे जन्मलेला तुझा सहकारी जिथे दंड भरून घरी जाईल, तिथे तुला इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावं लागेल. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आता दुकानाची बाजू. मालक तू नाहीस. टेक्ससमध्ये मालक कारण न देताही नोकरीवरून काढू शकतो, त्यामुळे कर्मचारी-नियमावलीत ‘शस्त्र नको’ असं एक वाक्य असलं तरी तुझी नोकरी जाऊ शकते. त्यासाठी दारावर पाटी असण्याचीही गरज नाही. दारावरच्या पाट्या म्हणजे टेक्ससच्या दंडसंहितेतल्या कलम ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ च्या, ‘बंदूक आत आणू नका’ असं सांगणाऱ्या. त्या इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत लागतात आणि त्या मोडल्या तर तो फौजदारी गुन्हा होतो. मालकाने ‘ठेव रे, माझी हरकत नाही’ असं तोंडी सांगितलं असेल तर त्यावर विसंबू नकोस. लेखी घे. सोबत दुकानाच्या विम्याची पॉलिसी मागून वाच. बऱ्याच व्यावसायिक पॉलिसींत जाणूनबुजून केलेल्या इजेचा खर्च वगळलेला असतो, काहींत बंदुकीशी संबंधित सगळंच. भाडेकरारातही असं कलम असू शकतं.

गाडीची गोष्ट वेगळी आहे. २०११ पासून टेक्ससच्या कामगार कायद्यानुसार मालकाला कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर बंदूक ठेवायला सहसा बंदी घालता येत नाही. म्हणून ‘निदान गाडीत तरी ठेवतो’ असं बरेच जण म्हणतात. पण पार्किंगमधल्या गाड्या फोडून बंदुका पळवणं हा इथल्या चोरांचा नेहमीचा धंदा आहे. सीटखाली पोलादी केबलने बांधलेली पेटी नसेल तर गाडीत ठेवूच नकोस. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ गाडीत बसून पिस्तूल कंबरेवरून पेटीत आणि पेटीतून कंबरेवर करावं लागतं. अपघाती गोळी सुटते ती अशाच हाताळणीत.

आता मूळ मुद्दा. दरोडा पडलाच तर पिस्तुलाचा उपयोग दोन-तीन सेकंदांचा. ते अंगावर वागवायचं मात्र रोज दहा तास, वर्षभर. म्हणजे तुझा खरा धोका त्या दहा तासांत आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

फार्मासिस्टचे कपडेच बघ. एप्रनची बटणं लावली तर हात कंबरेपर्यंत पोचत नाही. उघडा ठेवला तर वरच्या फळीवरची बाटली काढताना शर्ट वर जातो आणि पिस्तुलाची मूठ रांगेतल्या पेशंटला दिसते. खालच्या कप्प्यासाठी वाकलास की पाठीवर उठून दिसते. स्क्रबची पँट घालत असशील तर विषयच संपला. भरलेली ग्लॉक १९ साधारण साडेआठशे ग्रॅमची. नाडीच्या पँटवर ती टिकत नाही, आणि होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, परत घालताना नाडीचं टोक किंवा शर्टाची कड चापाच्या कडीत अडकू शकते. ग्लॉकला बोटाने लावायचा वेगळा खटका नसतो. चापावर साधारण अडीच किलोचा जोर पडला की गोळी सुटते. तो जोर बोटाचा आहे की कापडाचा, हे पिस्तुलाला कळत नाही. पोटापुढे लावणाऱ्यांच्या बाबतीत ती गोळी मांडीच्या मोठ्या धमनीच्या दिशेने जाते.

मग स्वच्छतागृह. कामाच्या जागी पिस्तूल विसरण्याचं हे नेहमीचं ठिकाण. माणूस पट्टा सैल करतो, पिस्तूल काढून टाकीवर किंवा कागदाच्या रोलवर ठेवतो, फोन वाजतो आणि तो तसाच बाहेर येतो. पुढचा आत जाणारा कोण असेल? तुमच्याकडे पेशंटही तेच वापरतात. दारावरच्या हुकला चापाच्या कडीने अडकवणं तर त्याहून वाईट.

आणि लसी. सप्टेंबरपासून तू फ्लूच्या लसी देत बसशील. खुर्चीवर लहान मूल, तू शेजारी वाकलेला, दोन्ही हात गुंतलेले, आणि मुलाच्या हाताच्या उंचीवर तुझी कंबर. होल्स्टरवर तेव्हा कोणाची नजर असणार?

काउंटरवरचं गणित यापेक्षाही कठोर आहे. सॉल्ट लेक सिटी पोलिसांतल्या डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की सुरा घेतलेला माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि सराव असलेल्या पोलिसालाही पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. तोही उघड्या होल्स्टरमधून. तुझा काउंटर तीन फुटांचा, पिस्तूल शर्ट आणि एप्रनच्या आत, आणि समोरच्याचं आधीच तुझ्यावर रोखलेलं. दरोडेखोर चिठ्ठी सरकवतो किंवा बंदूक दाखवतो, ऑक्सिकोडोनसारखं मादक वेदनाशामक नाहीतर कोडीनचं सिरप मागतो आणि एक-दोन मिनिटांत निघून जातो. त्या क्षणी तुझा हात कंबरेकडे गेला तर त्याला निर्णय घ्यायला तू भाग पाडतोस. चेंबर (नळीतली गोळीची जागा) रिकामा ठेवून बाळगलंस तर गोळी आत घ्यायला वरची स्लाइड ओढावी लागते, त्याला दुसरा हात लागतो, आणि तो हात मोकळा असेलच असं नाही.

परवाना सक्तीचा नसला तरी काढता येतो, पण त्याच्या परीक्षेवर भरवसा ठेवू नकोस. वर्ग चार ते सहा तासांचा. नंतर ५० गोळ्या: २० तीन यार्डांवरून, २० सात यार्डांवरून, १० पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. निशाण हलत नाही, मागे कोणी उभं नसतं. तुझ्या दुकानात दरोडेखोराच्या मागे औषधांची वाट बघणारी आजी बसलेली असते, आणि तिच्या मागे जिप्समची भिंत. नऊ मिलिमीटरची गोळी तसल्या एकामागोमाग कितीतरी भिंती पार करते. पलीकडे काय आहे, नेल सलून ना? टेक्ससच्या दंडसंहितेचं कलम ९.०५ सांगतं की स्वसंरक्षणाचा तुझा हक्क पूर्ण खरा असला, तरी बेपर्वाईने तिऱ्हाईत निरपराध माणसाला इजा केलीस, तर त्या इजेच्या खटल्यात तो बचाव तुला मिळत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुला वाटेल मी सोयीचं तेवढंच लिहितो. जुलै २०२२ मध्ये इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये अंदाधुंद गोळीबार करणाऱ्याला २२ वर्षांच्या एलायशा डिकनने स्वतःच्या पिस्तुलाने थांबवलं. त्याने माणसं वाचवली, यात वाद नाही. दरोडेखोराने सगळं देऊनही गोळी घातल्याच्या घटनाही आहेत. पण ग्रीनवुडचा हल्लेखोर लांब होता आणि त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. काउंटरवर तसं नसतं.

आणि जून २०२१ मधली कोलोरॅडोतल्या आर्व्हाडाची घटना विसरू नकोस. जॉनी हर्लीने पोलिसाला मारणाऱ्या हल्लेखोराला स्वतःच्या पिस्तुलाने पाडलं, त्याची रायफल हातात घेतली, आणि त्याच वेळी तिथे पोचलेल्या पोलिसाने हर्लीलाच हल्लेखोर समजून गोळी घातली. तो गेला. बंद खोलीत पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. एक गोळी झाडलीस की कान इतके बधिर होतील की ‘खाली टाक’ ही पोलिसांची आरोळी तुला ऐकू येईलच असं नाही. तुझा चेहरा त्यांच्या ओळखीचा नाही, आणि आपल्यासारख्या रंगाच्या, हातात पिस्तूल असलेल्या माणसाला ते किती वेळ देतील, यावर मी पैज लावणार नाही.

संशोधन एकच सांगतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या कामाच्या ठिकाणांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे बंदुकीला परवानगी होती तिथे कर्मचाऱ्याचा खून होण्याची शक्यता, सर्व शस्त्रांना बंदी असलेल्या जागांच्या तुलनेत साधारण पाचपट आढळली. धोक्याच्या जागीच बंदुकीला परवानगी मिळते असंही असेल. त्यामुळे हा निकाल अंतिम पुरावा म्हणून घेऊ नकोस. पण बंदुकीने जागा सुरक्षित होते, या समजाला तो आधार देत नाही.

मग करायचं काय? मालकाला पिस्तुलाची परवानगी मागण्याऐवजी वेळ-विलंबाची तिजोरी माग. कोड टाकल्यावर ती ठरावीक मिनिटांनी उघडते, साधारण दहा-पंधरा, आणि मधे कोणालाच उघडता येत नाही. मादक वेदनाशामकं सगळी त्यातच, आणि दारावर ठळक पाटी की तिजोरी लगेच उघडत नाही. पाटी तिजोरीइतकीच महत्त्वाची, कारण चोर बाहेरूनच परत गेला पाहिजे. सीव्हीएस या फार्मसी-साखळीने २०१५ मध्ये इंडियानापोलिसमध्ये अशा तिजोऱ्या बसवल्यावर दरोडे ७० टक्क्यांनी घटले, असं ती कंपनी सांगते. फ्लोरिडात रात्री उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांना कायद्यानेच हे करावं लागतं: गल्ल्यात ५० डॉलर किंवा कमी रोकड असल्याची पाटी, रोकड टाकायची तिजोरी, आवाज न करणारा अलार्म, दारापाशी उंचीच्या खुणा, पार्किंगमध्ये पुरेसा उजेड, काचेतून काउंटर स्पष्ट दिसेल अशी मांडणी. तुमच्या काचेवरचे लसींचे मोठमोठे पोस्टर आधी काढा. रस्त्यावरून काउंटर दिसला पाहिजे. बंद करताना दोघं असा, आणि बँकेत जायची वेळ रोज बदला.

दरोडा पडलाच तर हात दिसतील असे ठेव आणि हलण्याआधी सांग: ‘हा ड्रॉवर उघडतोय.’ तिजोरीला विलंब आहे हे शांतपणे सांग, बाहेर आहे ते दे, पाठलाग करू नकोस. तो गेला की दार आतून लाव, ९११ ला फोन कर, काउंटरला कोणी हात लावू नये. डीईएला, म्हणजे मादक औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या फेडरल खात्याला, एका कामकाजाच्या दिवसात लेखी कळवायचं असतं, हे तुला माहीतच आहे.

फार्मसीत चोऱ्या रात्रीही होतात. छप्पर किंवा शेजारच्या रिकाम्या गाळ्याची भिंत फोडून येतात. दुकानात ठेवलेलं पिस्तूल त्या रात्री औषधांबरोबर जाईल.

एक नाजूक गोष्ट. गेल्या वर्षापासून झोप नाही, जीव रमत नाही असं तू लिहिलंस. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून जास्त लोकांवरचा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात हँडगन असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण नसलेल्यांपेक्षा सुमारे आठपट निघालं. तू तसं काही करशील असं मी म्हणत नाही. पण झोप उडालेल्या काळात घरात पिस्तूल आणू नये, एवढं मनापासून सांगतो. कधीही रात्री जड वाटलं तर मला उठव. ९८८ या मदतीच्या फोनवरही बोलायला माणूस मिळतो.

एवढं वाचूनही ठरवलंसच, तर या अटी पाळ. आधी परवाना काढ. फी ४० डॉलर आहे आणि वर्ग कामाला येतो. चापाची कडी पूर्ण झाकणारं कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) होल्स्टर आणि त्यासाठीच बनवलेला जाड पट्टा, स्क्रब बंद. पिस्तूल दिवसभर अंगावरच, पर्समध्ये नाही, ड्रॉवरमध्ये नाही. स्वच्छतागृहात ते होल्स्टरमधून काढायचंच नाही. घरी आल्यावर होल्स्टरसकट पट्ट्यावरून काढून थेट तिजोरीत ठेव. रोज गोळी चेंबरमधून काढून सकाळी तीच परत भरू नकोस. असं वारंवार केलं की बुलेट काडतुसात कणाकणाने आत सरकते, आणि मग झाडताना दाब धोकादायक वाढतो. ह्यूस्टनच्या दमटपणात आणि घामात गंज धरतो, म्हणून आठवड्याला पुसून तेलाचा हलका हात. महिन्यातून एकदा रेंजवर ५० गोळ्या तरी, आणि कपड्यांतून काढण्याचा सराव घरी पूर्ण रिकाम्या पिस्तुलाने, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. ओवी नऊ वर्षांची आहे. निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर तो टेक्ससमध्ये ठेवणाऱ्याचा गुन्हाच आहे. यातली एक जरी अट रोज पाळणं जमणार नसेल तर विकत घेऊ नकोस.

तिजोरीची दोन कोटेशन मागवून ठेव, विलंबाची मिनिटं आणि जमिनीला बोल्ट बसतात का हे विचारून. बुधवारी रात्री फोन करतो, मालकाला काय लिहायचं ते मिळून ठरवू. विम्याची पॉलिसीही हाताशी असू दे. मेघनाला नमस्कार, ओवीला खूप आशीर्वाद.

तुझा,
सुहास