चेकसम जुळला म्हणजे बॅकअप झाला असं नसतं हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या लॅपटॉपवर कोअरबूट (कंपनीच्या बायोसच्या जागी बसणारं मुक्त फर्मवेअर, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) कसं टाकायचं यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता तो वाचला. मराठी पेपरात कुणीतरी हा विषय घेतला याचाच आधी आनंद झाला, त्यामुळे हे तक्रारीचं पत्र समजू नका. पण त्यातलं एक वाक्य मला झोपू देईना. 'चिप दोनदा वाचा, दोन्ही फाइल्सचा चेकसम जुळला की बॅकअप पक्का, मग बिनधास्त नवीन फर्मवेअर लिहा' असं त्यात आहे. (चिप म्हणजे ज्यात हे फर्मवेअर साठवलेलं असतं ती, आणि चेकसम म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला छोटा कोड.) हे अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यात मी स्वतः तोंडावर पडता पडता वाचलोय.

माझा लॅपटॉप थिंकपॅड एक्स२३०. यात कीबोर्ड आणि पामरेस्ट काढलं की काळ्या फिल्मखाली आठ पायांच्या दोन चिप दिसतात, एक ८ एमबीची आणि एक ४ एमबीची. कंपनीचा बायोस चालू असताना चिपवर लिहूच देत नाही, म्हणून पहिल्या वेळी बाहेरून प्रोग्रामर (चिप वाचणारं-लिहिणारं छोटं यंत्र) जोडून त्याची क्लिप चिपच्या पायांना लावायची भानगड, एकदा कोअरबूट बसलं की पुढचे अपडेट सहसा आतूनच लिनक्समधून होतात. तर बॅटरी काढली, चार्जर काढला, क्लिप लावली, फ्लॅशरॉम हा चिप वाचायचा-लिहायचा प्रोग्राम चालवला. त्याला चिप सापडेना. क्लिप काढून लावली, परत नाही. पाचसहा वेळा तेच झालं आणि मग मी वैतागून शहाणपणा केला, चिपचं नाव हाताने दिलं आणि वर फोर्सचा ऑप्शन लावला. आता गंमत अशी की फ्लॅशरॉम तेव्हा स्वतः स्क्रीनवर सांगतो की चिप जागेवर आहे असं मी नुसतं धरून चालतोय. मी ते वाचलं नाही, कोण वाचतो. फाइल आली, बरोब्बर ८ एमबी. परत वाचली, परत ८ एमबी, चेकसम अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत सेम. झालं, मी खूश, आता नवीन इमेज लिहायची एवढंच बाकी.

लिहिण्याआधी सहज वाटलं की बॅकअप स्वतःलाच मेल करून ठेवू, म्हणून फाइल झिप केली तर ती ८ केबीच्या आसपास झाली. ८ एमबीची ८ केबी! तिथे डोक्यात घंटा वाजली. हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधला एकेक बाइट दाखवणारा प्रोग्राम) उघडली तर वरपासून खालपर्यंत एफएफ एफएफ एफएफ, दुसरं काहीच नाही. क्लिप चिपला नीट टेकलेलीच नव्हती, प्रोग्रामर हवाच वाचत होता, आणि हवा दोनदा वाचली तरी चेकसम जुळणारच ना! चेकसम एवढंच सांगतो की दोन्ही वाचनं सारखी आहेत, आत काय आलंय ते तो सांगत नाही.

म्हणून लेखात हे यायला हवं होतं: फाइल उघडून बघा. इंटेलच्या अशा लॅपटॉपमध्ये चिपच्या सुरुवातीला डिस्क्रिप्टर (चिपवरचा कुठला भाग कुठे आहे याची नोंद) असतो, हेक्स एडिटरमध्ये एका ओळीत १६ बाइट दिसत असतील तर दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीलाच ५ए ए५ एफ० ०एफ असं दिसलं पाहिजे. एक्स२३० मध्ये हे ८ एमबीच्या चिपवर असतं, ४ एमबीच्या फाइलमध्ये शोधत बसू नका. कोअरबूटसोबत येणारं आयएफडीटूल त्या फाइलवर चालवलं की ते सगळे भाग वेगळे करून देतं, आणि तेच अडखळलं तर बॅकअप खराब आहे असं सरळ समजायचं.

आणि बॅकअपसाठी एवढा जीव का काढायचा, कंपनीच्या साइटवरून बायोस डाउनलोड करता येतो की, असं कुणी म्हणेल. तर त्या अपडेट फाइलमध्ये अख्खी चिप असतेच असं नाही. तुमच्या लॅन पोर्टचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरची त्याची ओळख) चिपवरच्या एका छोट्या भागात लिहिलेला असतो, तो तुमच्याच मशीनचा, दुसऱ्याची इमेज टाकली की दुसऱ्याचा अ‍ॅड्रेस घेऊन फिराल.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची, ती लेखात अजिबातच नाही. सगळीकडे मिळतो तो काळा सीएच३४१ए प्रोग्रामर चिपला पॉवर ३.३ व्होल्टची देतो पण त्याच्या डेटा लाइन्स ५ व्होल्टवर चालतात, आणि या चिप ३.३ वाल्या असतात. कित्येकांचं काम तसंच निभावतं हे मला माहितीय, पण आपलं निभावेल याची गॅरंटी कोण देणार. मल्टिमीटर लावून आधी बघा, नाहीतर रास्पबेरी पाय पिको हे छोटं बोर्ड प्रोग्रामर म्हणून वापरा, त्याच्या पिना मुळात ३.३ च्याच आहेत. क्लिपची दिशाही बघा, चिपच्या कोपऱ्यातला ठिपका म्हणजे पाय नंबर १. क्लिप उलटी बसली तर ४ नंबरचा ग्राउंड ८ नंबरच्या पॉवरवर जातो, म्हणजे सरळ उलटा करंट.

'कुठल्याही लॅपटॉपवर चालतं' हे वाक्य तर काढूनच टाका. कोअरबूटमध्ये त्या मॉडेलचा सपोर्ट असावा लागतो, शिवाय इंटेलच्या चौथ्या पिढीपासून बूट गार्ड (कंपनीची सही नसलेलं फर्मवेअर चालू न देणारी सोय) आलंय, कंपनीने ते चालू करून आपली डिजिटल किल्ली आत कायमची जाळून ठेवली असेल तर तुम्ही लिहाल छान पण मशीन उठणार नाही. आणि हो, ही 'नवीन टेक्नॉलॉजी' पण नाही, १९९९ साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत लिनक्सबायोस नावाने सुरू झालं, २००८ मध्ये कोअरबूट नाव पडलं.

माझं पुढे काय झालं विचाराल तर चिपचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, क्लिप हलकेच दाबून सरळ बसवली आणि फ्लॅशरॉमने फोर्सशिवाय पहिल्या फटक्यात चिप ओळखली. या वेळी झिप केलेली फाइल काही एमबीची झाली, ते बघून जो जीव भांड्यात पडला तो काय सांगू. कोअरबूट टाकल्यावर पहिल्यांदा चालू केलं तर स्क्रीन काही सेकंद काळीच, रॅमचं ट्रेनिंग (मेमरीची जुळवाजुळव) चालू असतं तेव्हा, मला ते माहीत होतं तरी हात परत क्लिपकडे गेलाच.

तेवढी एक चौकट पुढच्या पुरवणीत छापा ही विनंती, तुमचा लेख समोर ठेवून कुणीतरी आत्ता पामरेस्ट उघडून बसलेला असणार.

आपला,
पुरवणी आधी वाचणारा एक वाचक