ढापले म्हणे!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला विमानांच्या इंजिनांवरचा लेख वाचला. भाषा ओघवती, अभिनंदन. पण ‘रशियनांनी अमेरिकेचे राइट सायक्लोन इंजिन ढापले’ हे वाक्य काही पचेना. अहो, ढापणारा पैसे मोजतो का? १९३३ साली रीतसर परवाना घेऊन सोव्हिएत इंजिन-रचनाकार श्वेत्सोव यांनी रशियातल्या पेर्म शहरच्या कारखान्यात ते एम-२५ नावाने बांधायला घेतले. ड्रॉइंग सगळी इंचांत, कारखाना मिलिमीटरचा! एकेक माप नव्याने बसवण्याचा हा उद्योग ज्यांना नक्कल वाटतो, त्यांनी आठवडाभर लेथवर उभे राहून दाखवावे.

तिथेही ते थांबले नाहीत. पुढच्या एम-६२ ला दोन वेगांचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवून हजार अश्वशक्ती गाठली. मग नऊऐवजी दोन ओळींत चौदा सिलिंडर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, कमी करून १५५ मिलिमीटर, हे झाले एएसएच-८२. ला-५ लढाऊ विमान त्यावरच उडाले.

हेच एएसएच-८२ आमच्या हवाई दलातल्या एमआय-४ हेलिकॉप्टरच्या नाकात असे. मी त्यावर इंजिन फिटर होतो. नाकाची दारे उघडायची आणि अठ्ठावीस स्पार्क प्लगांशी झुंजायचे. खालच्या सिलिंडरांचे तर तेलाने माखलेले. आमचे एक वरिष्ठ येता-जाता हसून विचारत, “काय, अमेरिकन माल पुसतोस का?” त्या साहेबांनी जन्मात एक प्लग काढला नसेल. तुमच्या लेखकांनी तोच टोमणा चार रकाने लांबवला, एवढेच.

अमेरिकेचे बी-२९ बॉम्बर पाहून रशियाच्या तुपोलेव्हने हुबेहूब टीयू-४ बनवले ते मात्र खरे, तिथे हवे तेवढे ओरडा. पण त्याच लेखात युंकर्स ५२ या जर्मन विमानाच्या बीएमडब्ल्यू इंजिनाला ‘जर्मन अभियांत्रिकीचा कळस’ म्हटले आहे. त्याचे मूळ प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन कंपनीचे हॉर्नेट, तेही परवान्यानेच घेतलेले! जर्मनांनी घेतले की कळस, रशियनांनी घेतले की चोरी. वा!

आणि एमआय-४ चे वर्णन छापून शेजारी फोटो एमआय-८ चा कसा काय? त्यात पिस्टन इंजिनच नसते, दोन टर्बाइन असतात. खुलासा छापणार असाल तर कृपया वाचता येईल अशा टाइपात छापा. मागचा खुलासा शब्दकोड्याच्या खाली इतका बारीक होता की भिंग घेऊनही सापडला नाही.

आपला,
एक निवृत्त इंजिन फिटर, नाशिक